जुन्या फोर बाय फोर गाडीचं इंजिन घरी दुरुस्त करताना, बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात आणि पलीकडं चंदगडच्या अंगाला आजही अनेक घरांसमोर जुनी जिप्सी किंवा जीप उभी दिसते. जूनमध्ये तांबड्या मातीचा चिखल झाला की शेतावर जायला दुसरं वाहन चालत नाही. या गाड्यांची बॉडी टिकते, चासी टिकते, आणि मग एक दिवस इंजिन धूर मारायला लागतं. "नवीन इंजिन टाकून घे" असं चौकातला प्रत्येकजण सांगतो. माझं मत त्याच्या उलट आहे. आधी मोजा, मग उघडा, शक्य तितकं मूळ इंजिनच बांधून घ्या आणि अदलाबदल अगदी शेवटी. खालची सगळी उत्तरं याच मताची आहेत.

ही उत्तरं कुठल्या गाड्यांना लागू होतात?

मुख्यतः जिप्सी आणि महिंद्राच्या जीप यांना. १९८५ साली जिप्सी आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं एफ १० ए इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं जी १३ बी ए आणि पाच गिअर आले. पुढं कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी रचना, आली आणि आठ व्हॉल्व्हचे सोळा झाले. एमएम ५४० सारख्या जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल, तर नंतरच्या अनेक जीपमध्ये २५२३ सीसीचं एमडीआय बसलेलं असतं.

जुनी होंडा सीआरव्ही, शेवरोले फॉरेस्टर, टाटा सफारी फोर बाय फोर यांनाही बराच भाग लागू होतो. पण सीआरव्ही आणि फॉरेस्टरमध्ये मागच्या-पुढच्या चाकांना ताकद पोचवण्याची रचना वेगळी आहे, तो फरक जागोजागी सांगितला आहे.

इंजिन खरंच गेलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. "गाडी ओढत नाही" या तक्रारीचं कारण कित्येकदा इंजिनात नसतंच.

पहिलं, इंजिनाबाहेरची कारणं काढून टाका. पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्या. एखादा चटका देत असेल तर ब्रेक धरतोय. फोर बाय फोरचा लिव्हर खरंच टू व्हीलवर आलाय का बघा. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे हब) असतील तर दोन्ही एकाच स्थितीत आहेत का तेही बघा. एक हब लॉक आणि एक फ्री ठेवून वर्षभर फिरणारे लोक आहेत. क्लच घसरतोय का, एअर फिल्टर धुळीनं बुजलाय का, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताचं बी अडकलंय का, हे सगळं इंजिनला हात लावण्याआधी बघायचं.

दुसरं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब, मोजा. पेट्रोल इंजिनसाठी गेज स्वस्तात मिळतो. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशन कॉइलची जोडणी सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि बॅटरी चांगली चार्ज असताना प्रत्येक सिलिंडरवर सारखेच स्ट्रोक मारा. जिप्सीच्या १३०० सीसी इंजिनसाठी चांगला आकडा चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास, म्हणजे साधारण २०० पीएसआय असतो. १२ किलो, म्हणजे १७० पीएसआयच्या खाली गेला तर इंजिन उघडण्याची वेळ आली समजा. चार सिलिंडरमधला आपसातला फरक एक किलोपेक्षा जास्त नसावा. माझ्या मते हा फरकच जास्त बोलका असतो. चारही सिलिंडर सारखेच थोडे थकलेले असतील तर गाडी अजून काही वर्षं काढते. एकच सिलिंडर पडला असेल तर तिथं काहीतरी तुटलंय, जळलंय किंवा वाकलंय.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनवरच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट उडाल्याची शक्यता मोठी.

डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीच्या आसपास जातं. पेट्रोलचा गेज त्यावर लावू नका, तो फुटतो. डिझेलचा वेगळा गेज आणि इंजेक्टरच्या किंवा हीटर प्लगच्या जागी बसणारा जोड लागतो, तो पंप-इंजेक्टरच्या दुकानात असतो.

तिसरं, ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. दिव्याचा स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावा आणि इंजिन गरम झाल्यावर बघा. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा चालतो. कॉम्प्रेशन चांगलं पण गरम झाल्यावर प्रेशर पडतं, असं असेल तर बेअरिंगकडं किंवा ऑइल पंपाकडं बघा.

धुराच्या रंगावरून काय समजतं?

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी चालू करतानाच येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, चढावर ओढताना सतत येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट आत जातंय. पण डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते, तिला घाबरू नका. डिझेलमध्ये थंडीतला पांढरा धूर हीटर प्लग गेल्याचाही असतो.

हेड उतरवून काम भागेल का, की पूर्ण इंजिन खोलावं लागेल?

गॅस्केट उडाली असेल किंवा व्हॉल्व्ह जळले असतील आणि ऑइल प्रेशर व्यवस्थित असेल, तर हेडवर भागतं. हेड उतरल्यावर बोअरच्या वरच्या कडेला नख लावून बघा. ठळक पायरी लागली तर बोअर झिजलाय. त्यावर नुसतं हेडचं काम केलं तर वरचं कॉम्प्रेशन सुधारतं आणि खालच्या जुन्या रिंगा आणखी ऑइल खायला लागतात.

हेड सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेजनं घरीच बघता येतं. जिप्सीच्या हेडला ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. आडवं, उभं आणि दोन्ही कर्णांवर पट्टी ठेवा. जास्त असेल तर फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, द्या, पण आधी कधी फेसिंग झालंय का ते विचारा. ॲल्युमिनियमचं हेड पुन्हा पुन्हा घासता येत नाही. फेसिंगसोबत पाण्याच्या दाबाची चाचणीही करून घ्या. तडा गेलेलं हेड सपाट करून बसवण्यात काही अर्थ नाही.

घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं?

उतरवणं, खोलणं, धुणं, मोजणं, बांधणं आणि बसवणं घरी होतं. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग आणि फेसिंग बाहेर. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपची वस्ती आहे, निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडतं. लोखंड ओळखणारी, मायक्रोमीटर हाताळणारी माणसं या दोन्ही ठिकाणी आहेत.

मशीन शॉपमध्ये जाताना पिस्टन सोबत न्या. आधी ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठे) पिस्टन हातात घ्यायचे, मग त्या पिस्टनच्या मापानं बोअर करून घ्यायचा. उलटं करू नका. पिस्टन आणि बोअरमधला गाळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, "०.५० ओव्हरसाइज" एवढं सांगून तो बसत नाही. काम झाल्यावर प्रत्येक बोअरचं माप वर, मध्ये, खाली असं लिहून मागा. चांगला मिस्त्री ते आनंदानं देतो. कुरकुर करणाऱ्याकडं पुढचं काम देऊ नका.

क्रँक ग्राइंडिंगला देण्याआधीही तसंच. ०.२५ अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) बेअरिंग बाजारात खरंच मिळतायत का याची खात्री करा, नाहीतर ग्राइंड केलेला क्रँक हातात आणि बेअरिंग कुठंच नाही अशी गत होते.

जागा आणि हत्यारं काय लागतात?

पक्की, सपाट जमीन आणि वर छत. मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि घोडी (गाडीखाली लावायचा स्टँड) कलंडते. सिमेंटचा कोबा नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड लोखंडी पत्रा किंवा सागवानी फळी टाका. वीट किंवा चिरा वापरू नका, दोन्ही सूचना न देता फुटतात.

आंब्याच्या फांदीला चेन ब्लॉक बांधून इंजिन उतरवण्याची पद्धत खेड्यात सर्रास आहे. तसं करू नका. हिरवी फांदीसुद्धा आतून पोखरलेली असू शकते. शेडच्या लोखंडी तुळईवर भार घ्यायचा तर ती तुळई त्यासाठी बनवलेली असावी, पत्र्याचं छत धरणारा हलका पाइप नव्हे. एक टनाचा चेन ब्लॉक आणि तीन पायांची लोखंडी तिवई वेल्डरकडून करून घेतली तर गावातल्या चार गाड्यांना उपयोगी पडते.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क पाना, फीलर गेज, रिंग दाबायचा पट्टा, सर्क्लिप पक्कड आणि भरपूर प्लास्टिकचे डबे. टॉर्क पाना उसना चालेल, पण तो लागतोच. हेडचे आणि बेअरिंगचे बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळणारे जुने मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताला वर्षांची सवय आहे. आपल्या हाताला ती नाही.

पावसाळ्यात काम काढलं तर चालेल का?

नको. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस लागला की हवेत एवढा ओलावा असतो की उघड्या बोअरवर रातोरात तांबूस गंज धरतो. दिवाळीनंतर काढा. नाइलाज असेल तर उघडा प्रत्येक भाग ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

इंजिन उतरवताना प्रत्येक गाडीत काय वेगळं असतं?

बॉनेट, बॅटरी, कूलंट, रेडिएटर, वायरिंग, पाइप, एक्झॉस्ट, माउंटिंग हा क्रम सगळीकडं थोड्याफार फरकानं तोच. प्रत्येक वायरला आणि पाइपला चिकटपट्टी लावून नंबर टाका, फोनवर फोटो काढा. खरा फरक मागच्या बाजूला आहे.

जिप्सीत ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी, चासीवर स्वतंत्र बसवलेली असते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळं इंजिन एकटं पुढं ओढून काढता येतं, किंवा तो छोटा शाफ्ट सोडून गिअरबॉक्ससकट. ट्रान्सफर केसला हात लावावा लागत नाही. ही रचना घरी काम करणाऱ्याला फार सोयीची आहे.

महिंद्राच्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागंच बोल्टनं जोडलेली असते. सगळं एकत्र काढायचं तर वजन आणि लांबी दोन्ही वाढतात, म्हणून इंजिन एकटं काढावं आणि गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्यावा. आधार न देता गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळला तर क्लच प्लेट वाकते.

सीआरव्हीत इंजिन आडवं आहे आणि मागच्या चाकांकडं जाणारी ट्रान्सफर असेंब्ली गिअरबॉक्सलाच लागून असते. इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच निघतं, त्यामुळं पुढचे ड्राइव्ह शाफ्ट आणि मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही सोडावे लागतात.

फॉरेस्टरचं इंजिन बॉक्सर, म्हणजे सिलिंडर आडवे समोरासमोर. ते बुटकं आणि रुंद असल्यानं वरून चांगलं निघतं. पुढचं डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच) गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. ऑटोमॅटिक असेल तर परत बसवताना टॉर्क कन्व्हर्टर आत पूर्ण बसलाय याची खात्री झाल्याशिवाय बोल्ट आवळू नका, नाहीतर ऑइल पंप तुटतो.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही टोकांना आणि मधल्या सरकत्या जोडावर रंगाची खूण करा. तो एका दात्यानं जरी फिरून बसला तरी गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि मग नव्या इंजिनला उगाच दोष मिळतो.

बदलायचंच ठरलं, तर कुठलं इंजिन टाकावं?

त्याच गाडीचं तेच इंजिन. ते मिळत नसेल तर त्याच कुटुंबातलं पुढचं.

एफ १० ए च्या जागी जी १३ टाकायचं असेल तर नुसतं इंजिन आणू नका. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण), फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, माउंटिंग आणि रेडिएटर हे सगळं एकाच जिप्सी किंगमधून घ्या. एस्टीम गाडीचं इंजिनही याच कुटुंबातलं आहे म्हणून बरेच जण तिकडं वळतात. पण ते पुढच्या चाकांच्या गाडीत आडवं बसायला बनवलेलं आहे. ऑइल सम्प (इंजिनखालची ऑइलची परात), मॅनिफोल्ड, माउंटिंगच्या जागा, पाण्याचे पाइप बदलावे लागतात. सम्पचा आकार तर इथं फारच महत्त्वाचा, कारण पुढचा ॲक्सल इंजिनखाली वर-खाली होतो. रिकाम्या गाडीत जागा दिसते आणि शेताच्या बांधावरून उतरताना ॲक्सल सम्पला जाऊन आदळतो. चारही चाकं जमिनीवर असताना मोजू नका. पुढचं एक चाक पूर्ण वर दाबून मोजा.

एक्सडीपी जीपला त्याच कुळातलं २४९८ सीसीचं एक्सडी ३ पी बसवणारे बरेच आहेत. एमडीआय टाकायचं तर त्याच्या जोडीचा गिअरबॉक्स सोबत घेणं शहाणपणाचं.

जिप्सीत स्विफ्टचं डिझेल इंजिन टाकावं का? सगळे म्हणतात फार भारी ओढते.

ओढते, आणि तिथंच तिचं नुकसान होतं. जिप्सी किंगच्या पेट्रोल इंजिनचा टॉर्क १०३ न्यूटन मीटरच्या आसपास आहे. स्विफ्टच्या ७५ हॉर्सपॉवरच्या १.३ लिटर डिझेलचा १९० न्यूटन मीटर. लो गिअर लावल्यावर ट्रान्सफर केस तो आणखी वाढवून मागच्या-पुढच्या ॲक्सलमधल्या गिअरना, म्हणजे क्राउन-पिनियनला, देते. चिखलात रुतलेली गाडी फोर लोमध्ये (चारही चाकं आणि लो गिअर) जोरात काढायला गेलं की ॲक्सल शाफ्ट किंवा पिनियन जातो, आणि तो जातो जंगलात, दारात नाही.

शिवाय पुढं वजन वाढून पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक तेच राहतात. हे इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे एका सामाईक नळीतून जास्त दाबानं डिझेल फवारणारं आहे, त्याला स्वतःचा कॉम्प्युटर, सेन्सर, इमोबिलायझर असं सगळं वायरिंग लागतं. पेट्रोलची गाडी डिझेल होते म्हणजे आरसीवरचं इंधनही बदलतं. त्यामुळं मी हे काम कुणालाही सुचवत नाही.

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट करून घेतली तर कुठलंही इंजिन बसतं ना?

बोल्ट बसतात. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत येतात की नाही, हा खरा प्रश्न. डायल गेज फ्लायव्हीलवर लावून बेल हाउसिंगच्या भोकाभोवती फिरवा. पाव मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पायलट बेअरिंग आणि इनपुट बेअरिंग दोन्ही खाऊन टाकतो. प्लेट बनवणाऱ्याला हे मोजून दाखवायला सांगा.

जुनं इंजिन विकत घेताना काय तपासावं?

आधी कागद. ज्या गाडीतून ते काढलं तिची आरसीची प्रत, विक्रीचं बिल आणि ब्लॉकवरचा नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. नंबर घासलेला दिसला तर पैसे खिशातच ठेवा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद मागा.

मग पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या चिकोडी-निपाणीपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंतच्या अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्यांची इंजिनं धुऊनपुसून फिरतात. ऑइल फिलरचं झाकण काढून आतल्या बाजूला पिवळट साय आहे का बघा. सम्पचा बोल्ट किंचित सैल करा, आधी पाणी आलं तर विषय संपला. अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या फटीत वाळलेला गाळ सहसा कुणी साफ करत नाही, तिथं बॅटरी मारून बघा. क्रँक पुलीला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकता कामा नये.

विक्रेता चालू करून दाखवत असेल तर थंड इंजिन चालू करायला सांगा. तुम्ही जायच्या आधीच ते गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

कायदा काय म्हणतो? आरटीओला कळवावं लागतं का?

हो, आणि काम सुरू करण्याआधी.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा अर्थ असा. मूळ ब्लॉक ठेवून बोअर, पिस्टन, हेड केलं तर इंजिन नंबर तोच राहतो आणि प्रश्नच येत नाही. मूळ इंजिन बांधून घ्या असं मी सांगतो, त्याचं अर्धं कारण हे आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन टाकायचं तर आधी आरटीओत अर्ज, सोबत इंजिनचे कागद, आणि बदलानंतर १४ दिवसांच्या आत आरसी घेऊन नोंद. वेगळ्या क्षमतेचं किंवा वेगळ्या इंधनाचं इंजिन टाकायचं तर मूळ तपशिलात ते बसत नाही आणि परवानगीची आशा धरून पैसे घालवू नका.

नोंद न करता चालवली तर अपघातानंतर विमा कंपनी इंजिन नंबरवर बोट ठेवू शकते. १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवताना निरीक्षक चासी आणि इंजिन दोन्ही नंबर तपासतो, तेव्हाही अडचण येते.

बेळगावची केए २२ असो की चिकोडीची केए २३, आरटीओतले अर्ज कन्नड आणि इंग्रजीत असतात. कन्नड वाचणारा माणूस सोबत न्या आणि सही करण्याआधी प्रत्येक रकाना समजून घ्या.

गाडी एमएच ०९ ची आहे, मी राहतो निपाणीत. अर्ज कुठं करायचा?

गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ कर्नाटकात राहणार असेल तर मूळ आरटीओची एनओसी आणून इथं नवा नंबर घ्यावा लागतो. ते आधी उरकून घ्या. दोन राज्यांत कागद अडकलेले असताना इंजिन बदलाची नोंद करायला गेलात तर दोन्हीकडून परत पाठवतील.

इंजिन बांधताना सगळ्यात जास्त कशाची काळजी घ्यावी?

स्वच्छतेची. बोअरिंग-होनिंगहून आलेल्या ब्लॉकमध्ये बारीक दळ असते, ती डिझेलनं निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन प्रत्येक बोअर पांढऱ्या फडक्यावर काळं येईनासं होईपर्यंत घासा, लगेच कोरडं करून ऑइल लावा. ऑइलच्या नळ्या बारीक ब्रशनं साफ करा.

मेन बेअरिंगच्या कॅपवर नंबर आणि बाण असतात, कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर जुळणीच्या खुणा असतात. या कॅप एकमेकींत बदलायच्या नाहीत आणि उलट्या लावायच्या नाहीत. रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग त्याच बोअरमध्ये ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा, आणि पिस्टनवर बसवताना फटी एका रेषेत ठेवू नका. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणं. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हातानं फिरवून बघा. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्रँकची दोन्ही ऑइल सील आणि क्लच प्लेट आत्ताच नवीन घाला. इंजिन बाहेर असताना हे तासाभराचं काम आहे.

पहिल्यांदा चालू करताना?

ऑइल आणि नवा फिल्टर घातल्यावर लगेच चालू करू नका. प्लग काढा, कॉइल सोडा आणि ऑइल प्रेशर गेजवर चढेपर्यंत थोडं थोडं स्टार्टर मारा. डिझेलमध्ये पंपाचा स्टॉप ओढून धरा. मग प्लग लावा.

डिझेलची हवा काढावी लागते. फीड पंपावरच्या हँड प्रायमरनं फिल्टरपर्यंत, मग पंपाच्या ब्लीड स्क्रूपर्यंत, शेवटी इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मारत. इंजेक्टरला नट सैल करण्याची ही पद्धत फक्त जुन्या यांत्रिक पंपाला. कॉमन रेलमध्ये दाब एवढा असतो की डिझेलची धार कातडीत शिरते.

जुनं डिझेल स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळायला लागलं तर चावी बंद करून थांबत नाही. हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी जवळ ठेवा. हात किंवा फडकं लावू नका, ते आत ओढलं जातं. पेट्रोल गाडीजवळ आग विझवण्याचं नळकांडं हवंच. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून चालू करणं तर अजिबात नको, उलटा भडका तोंडावर येतो.

किती किलोमीटर सांभाळून चालवायची?

पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. या काळात हायवेवर एकाच वेगात चालवत राहू नका आणि उभी ठेवून तासभर चालूही ठेवू नका. बेळगाव-खानापूरसारखा चढ-उतार कमी असलेला रस्ता, वेग कमी-जास्त करत, मध्यम ओढ देत. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट आणि उसाची ट्रॉली नंतर.

इंजिन नवं, तरी गाडी वळताना अडखळते आणि खालून कडकड येते.

जिप्सी आणि जीपमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हायमध्ये वळलात तर पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगानं फिरू पाहतात, फिरता येत नाही आणि सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. टू व्हीलमध्ये या, थोडं मागं घ्या, ताण सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजलेले ठेवा. फॉरेस्टरसारख्या कायम चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत तर एकच नवा टायर टाकल्यानं मधली कपलिंग तापते. आणि तिला ओढून नेताना दोन चाकं जमिनीवर ठेवायची नाहीत, पूर्ण गाडी ट्रकवर चढवायची.

सीआरव्हीच्या मागच्या डिफरन्शियलला होंडाचं वेगळं ड्युअल पंप फ्लुइड लागतं. साधं ९० नंबर ऑइल घातलं की आतल्या क्लच प्लेटा खराब होतात आणि वळताना घर्रर्र आवाज येतो.

आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलचं जुन्या जिप्सीनं काय करावं?

रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरच्या गॅस्केट इथेनॉल चालणाऱ्या मटेरियलच्या घालून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहणारी गाडी असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा आणि टाकीच्या झाकणाचं रबर बघा.

काढलेलं ऑइल आणि कूलंट कुठं टाकायचं?

शेतात, गटारात, विहिरीजवळ नाही. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून अधिकृत रिसायकलरला माल देणाऱ्या गॅरेजकडं द्या. कूलंटची चव गोड असते आणि ते विषारी आहे. कुत्रं किंवा वासरू चाटेल अशा जागी परात उघडी ठेवू नका.

हे सगळं एकट्यानं करता येईल का?

खोलणं, धुणं, मोजणं एकट्यानं होतं. इंजिन उचलताना आणि परत बसवताना दुसरा माणूस हवाच, एक चेनवर आणि एक गाडीशी. टांगलेल्या इंजिनखाली हात, पाय, डोकं काहीही जाऊ द्यायचं नाही, माउंटिंगचा बोल्ट एक सूत चुकत असला तरी. बोल्टाला पहारीनं रेषेत आणा. आणि लहान मुलं तेवढा वेळ घराच्या दुसऱ्या बाजूला पाठवा.